आडव्याला आधी वाट

काकूच्या दुकानात शिरताना डोकं वाकवावं लागतं. दारातच एक लांब दांडा आडवा टांगलेला आहे आणि त्याला इस्त्री केलेले शर्ट ओळीनं लटकत असतात. नवीन गिऱ्हाईक हमखास कपाळ आपटून घेतं आणि विचारतं, "हा कसला हो दांडा?" काकू इस्त्रीवरची नजर न काढता सांगते, "वल्ह्याचा." पुढं एक शब्द नाही. बाई नाकावर माशी बसू देत नाही, त्यामुळे दुसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती होत नाही.

ते वल्हं माझ्या काकांचं. काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गल्ली जिथं संपते तिथं तेव्हा नदी सुरू व्हायची. दगडी पायऱ्या होत्या, पायऱ्यांना बांधलेली काकांची होडी होती आणि पलीकडच्या काठावरचे कारखाने होते. सकाळी कामगारांना पलीकडं सोडायचं आणि संध्याकाळी घेऊन यायचं, हे त्यांचं काम. मी तेव्हा फार लहान होते. मला आठवतं ते एवढंच, की काका घरी आले की आधी वल्हं दाराआड उभं करायचे आणि मग पायातलं काढायचे. वल्हं होडीत ठेवलं तर चोरीला जायचं, म्हणून ते रोज खांद्यावरून घरी यायचं आणि रोज खांद्यावरून परत जायचं.

नदीवर तेव्हा मोठाली मालवाहू गलबतंही चालत. वाळू, कोळसा, लाकूड भरून ती प्रवाहाबरोबर खाली येत. एवढं धूड आणि आमच्या काकांची ही टीचभर होडी. पण नदीवाल्यांचा एक रिवाज होता. आडवं जाणाऱ्यानं वल्हं पाण्यातून काढून सरळ उभं धरायचं. ते दिसलं की वरून येणाऱ्यानं वेग कमी करायचा, बाजूला व्हायचं आणि होडीला जाऊ द्यायचं. 'आडव्याला आधी वाट' असं ते म्हणत. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, कुणी पोलीस उभा नव्हता. तरी काकांच्या उभ्या जन्मात एखादं गलबत थांबलं नाही असं कधी झालं नाही. काकू सांगते, लग्न झाल्यावर पहिल्यांदा होडीत बसली तेव्हा समोरून डोंगराएवढं गलबत येताना बघून तिनं डोळेच मिटले. काकांनी वल्हं उभं केलं आणि म्हणाले, "डोळे उघड. बघ, थांबतंय."

मग रस्ता आला. नदीच्या काठानं, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळसोट. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, आम्ही त्याला 'मोठा रस्ता' म्हणायचो. शहराला त्याचा केवढा अभिमान! गाड्या कुठंही न थांबता जाणार होत्या. न थांबणं हेच त्याचं कौतुक होतं. गल्ली आणि पायऱ्या यांच्यामध्ये तो येऊन पडला. माणसांनी पलीकडं जायचं तर बरंच पुढं एक जिना होता, वरून लोखंडी पूल, आणि मग पुन्हा तेवढंच मागं यायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, आमच्यावर तो वळसा खरोखर घालायची वेळ आली. नदी हाकेच्या अंतरावर होती, पण हाक ऐकू जाईल तर शपथ.

रस्ता सुरू झाला त्याच आठवड्यात काका गेले. सकाळची वेळ होती. खांद्यावर वल्हं घेऊन ते गल्लीच्या तोंडाशी आले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्यांनी खांद्यावरचं वल्हं काढलं, सरळ उभं धरलं आणि चालायला लागले.

पहिली गाडी त्यांना चुकवून गेली. तिच्या मागचा ट्रक चुकवू शकला नाही.

ट्रकवाला नंतर आमच्या घरी आला होता. तरुण पोरगा, रडून रडून डोळे सुजलेले. तो माझ्या वडिलांना पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "मला ते दिसले होते हो. हातात उभा बांबू दिसला. मला वाटलं रस्त्याचं काम करणारा माणूस आहे, मोजमाप घेतोय. तो चालत पुढं येईल असं वाटलंच नाही." काकूनं त्याला पाणी दिलं. सगळे म्हणाले, चूक तुमच्या माणसाची. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. काकू एवढंच म्हणाली, "त्यांची चूक नाही. त्यांच्यासाठी आजवर सगळे थांबले होते."

होडी कुणीतरी घेऊन गेलं. वल्ह्याचं पातं फुटलं होतं, ते काकूनं सुताराकडून कापून घेतलं. उरला तो दांडा. गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याकडं खिडकी असलेली जी खोली होती तिथं तिनं इस्त्रीचं दुकान टाकलं आणि दांडा दारात टांगला. माणूस दुःखानं मोडतो किंवा कामाला लागतो. काकू कामाला लागली.

तिचं काम बघत राहावं असं आहे. आधी शर्टवर पाणी शिंपडायचं, मग गुंडाळी करून जरा मुरू द्यायचं. ओलं बोट इस्त्रीला लावायचं आणि चर्र आवाज ऐकून ताव ओळखायचा. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, आणि पाठ सगळ्यात शेवटी. रस्त्याकडची खिडकी तिनं कधी उघडली नाही. उघडली की काजळी आत येई आणि पांढऱ्या शर्टावर बसे. खिडकीच्या फटींत आणि दाराखाली ती ओली फडकी कोंबून ठेवी. संध्याकाळी ती फडकी पिळली की काळं पाणी निघे.

आणि आवाज! आमच्या गल्लीतलं माणूस कुठंही ओळखू यावं, कारण ते ओरडूनच बोलतं. प्रेमानं बोललं तरी ओरडून. आमच्याकडं गुपित नावाची वस्तू टिकलीच नाही. कुणाच्या पोटात दुखतंय आणि कुणाचं लग्न मोडतंय, हे सगळ्या गल्लीला एकदमच कळे.

पण सगळ्यांत मोठा आवाज काकूचा. गल्लीच्या तोंडाशी, रस्त्यापासून चांगला मागं, एक दिव्याचा खांब आहे. कुठलंही पोर खेळता खेळता त्या खांबाच्या जवळ गेलं की दुकानातून तोफ सुटे, "खांबाच्या मागं!" चेंडू गेला तर गेला. पतंग गेला तर गेला. एकदा मी खांबाच्या पुढं पाऊल टाकलं तर इस्त्री तशीच टाकून काकू धावत आली आणि अशी थोबाडीत दिली की कान दिवसभर वाजत होता. कुणाचा तरी शर्ट त्या दिवशी जळाला. गल्लीतल्या आईबापांनी पोरांना आणि त्या पोरांनी पुढं आपल्या पोरांना तेच शिकवलं. खांबाच्या मागं. आमच्या गल्लीतलं त्यानंतर कुणीही त्या रस्त्यावर मेलं नाही, हे मात्र खरं.

माझे वडील त्याच रस्त्यावर बस चालवत. दुसरी नोकरी कुठं होती? एकदा काकूला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले, "वहिनी, मी रोज आपल्या गल्लीपाशी गाडी जरा हळू करतो. दादाची आठवण म्हणून." काकूनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. म्हणाली, "हळू करता ना भाऊजी? थांबत नाही." वडील चहा न संपवता उठले. त्या रस्त्यावर थांबायची सोयच नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. पण काकूचं म्हणणं तेव्हापासून एकच आहे आणि तिनं ते माझ्यापाशी कितीदा तरी बोलून दाखवलंय. "मला बाकी काही नको. त्या जागी आपल्या माणसासाठी कुणीतरी थांबलेलं मला मरायच्या आधी बघायचंय."

मी तिला म्हणायचे, "काकू, वाट बघत बसशील." मला तिचा राग यायचा. इतकी वर्षं एकाच गोष्टीला धरून बसणं म्हणजे काय? माझं तोंडही काही कमी नाही, काकूच्याच हाताखाली वाढलेय मी.

आणि मग एक दिवस बातमी आली की मोठा रस्ता काढणार. शहराला अचानक नदीची आठवण झाली होती. मोठ्या गाड्या शहराबाहेरून वळवणार, इथं झाडं लावणार, चालायला जागा, बसायला बाक आणि काठानं ट्राम. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं. साहेब लोकांनी नमनाला घडाभर तेल घातलं, चित्रं दाखवली. चित्रात सगळी माणसं हसत होती आणि एकाच्याही हातात पिशवी नव्हती. मग एका इंजिनियर मॅडमनी आमच्या गल्लीपुढचा नकाशा दाखवला. ट्रामच्या दोन्ही बाजूंना कुंपण, आणि ओलांडायला वरून पूल. सरकता जिनासुद्धा.

काकू उठली. हॉलमध्ये चिडीचूप होतं, पण ती बोलली नेहमीच्याच आवाजात. पुढच्या रांगेतला माणूस दचकून खुर्चीतून पडायचा राहिला.

"पूल नको!"

मॅडम बिचाऱ्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, "आजी, पूल सगळ्यात सुरक्षित असतो. गाडीचा आणि माणसाचा संबंधच येत नाही."

"तेच तर नको," काकू म्हणाली. "पुलावरून माणूस गेला तर गाडीला कळतही नाही माणूस गेला म्हणून. आम्ही खालूनच जाणार. गाडीनं थांबायचं."

तिला पुढंही बोलायचं होतं. काकांचं सांगायचं होतं, वल्ह्याचं सांगायचं होतं. पण ती तेवढ्यावरच खाली बसली. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, झालं, पालथ्या घड्यावर पाणी. पण पुढं कधीतरी कुंपण आणि पूल दोन्ही रद्द झाले. ते काकूमुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्याचं श्रेय घ्यायला नंतर बरेच जण पुढं आले आणि त्यात खरं काय ते देव जाणे. एवढं खरं की आमच्या गल्लीच्या तोंडाशी रुळांवरून जाणारी वेगळ्या रंगाच्या विटांची सपाट वाट झाली. तिथं दिवा नाही, फाटक नाही. नियम असा की माणूस ओलांडायला आला की ट्राम थांबणार.

मोठा रस्ता बंद झाला तेव्हा शहर ठप्प होणार असं सगळे म्हणत होते. थोडे दिवस बोंब झाली, मग लोक दुसऱ्या वाटांना सरावले. पहिल्या सकाळी मला जाग आली ती शांततेनं. कुणीतरी कुकर बंद करायला विसरतं आणि मग तो बंद केल्यावर कळतं की इतका वेळ आवाज होता, तसं झालं. शेजारी भिंतीपलीकडं कुणीतरी खोकलं ते मला ऐकू आलं. नदीच्या बाजूला पुढं कधीतरी बांधलेली भिंत पाडली, डांबर उचललं, आणि रिकाम्या मातीपलीकडं नदी दिसली. सगळी गल्ली बघायला गेली. काकू गेली नाही.

"बंद रस्ता काय, कुणीही ओलांडेल," ती म्हणाली आणि कॉलरवर इस्त्री दाबली. तिनं रस्त्याकडची खिडकी मात्र उघडली.

ट्राम सुरू झाली त्या दिवशी तिनं दुकान बंद ठेवलं, धुतलेला स्वेटर घातला आणि काठी घेतली. जन्मभर इस्त्री ओढून तिचा उजवा खांदा धरलाय, हात वर जात नाही. गुडघेही बोलतात. मी तिला धरून गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेले. आम्ही उभ्या राहिलो. ट्राम आली, घंटा वाजवली आणि गेली. दुसरी आली, तीही गेली. तिसरीच्या वेळी गल्लीबाहेरची एक पोरगी सायकल ढकलत आमच्या शेजारून पुढं गेली, आपल्या अंगणात उतरावं तशी रुळांवर उतरली, आणि ट्राम गपकन थांबली. पोरगी पलीकडं गेली. ट्राम निघूनही गेली.

काकूनं माझ्याकडं बघितलं. "बघितलंस? त्यांच्यासाठी थांबते."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गल्लीतल्या सगळ्यांचा हाच अनुभव. लोक म्हणायला लागले, नियम कागदावर, गरिबाला कोण विचारतो.  काकू दुकानात जाऊन खिडकी लावून बसली. धूळ नव्हती, आवाज नव्हता, तरी खिडकी लावली. ते मात्र मला बघवेना. इतकी वर्षं तिच्या या हट्टाला मी हसले होते. आता तो मोडायला निघाला होता.

मी तडक ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर गेले, भांडायला. एक चालक बाई डबा खात बसली होती. मी माझ्या गल्लीच्या आवाजात सुरुवात केली. आमची माणसं माणसं नाहीत का? म्हातारी बाई काठी घेऊन उभी असते ती दिसत नाही का?

बाईनं डबा बाजूला ठेवला. "स्वेटरवाल्या आजी ना? रोज दिसतात. पण अहो, त्या किती मागं असतात! त्या दिव्याच्या खांबाच्याही मागं. आम्हाला वाटतं ट्राम बघायला आल्यात. परवा मी त्यांना हातसुद्धा केला. त्यांना ओलांडायचंय हे कळणार कसं? पुढं आल्या तर थांबेन ना. कुणीही थांबेल."

 मला ट्रकवाल्या पोराचे शब्द आठवले. त्यालाही काका दिसले होते. त्यालाही काहीतरी वाटलं होतं.

घरी येऊन मी काकूला सांगितलं. ती एका पांढऱ्या शर्टाची पाठ करत होती. इस्त्री थांबली. कापड जळायला लागेल म्हणून मीच तिचा हात उचलला.

"म्हणजे खांबाच्या पुढं जायचं," ती हळू म्हणाली. काकू हळू बोललेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"हो."

"अगदी कडेला."

"हो, काकू."

काकूनं शर्ट उलटा केला, सुलटा केला. "मीच शिकवलंय की सगळ्यांना मागं राहायला," ती म्हणाली.  तिनं शिकवलं म्हणून तर आम्ही जिवंत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं इस्त्री बंद केली, वर टांगलेल्या दांड्याला काठीनं हलकेच स्पर्श केला आणि बाहेर पडली. मी मागोमाग. खांबापर्यंत मी तिचा दंड धरून होते. तिथं माझे पाय थांबले. मी ठरवून थांबवले नाहीत, ते आपोआप थांबले, कान वाजल्यासारखा झाला. काकूनं माझा हात सोडवून घेतला आणि पुढं गेली.

ती एक एक पाऊल टाकत होती. विटांच्या वाटेच्या कडेला, काका जिथं उभे राहिले होते तिथं, ती उभी राहिली. वळणावरून ट्राम आली. काकूनं काठी डाव्या हातात घेतली आणि सरळ वर धरली. 

ट्रामचा वेग कमी झाला. अजून कमी झाला. ती थांबली.

चालक कुणी अनोळखी माणूस होता. त्यानं हातानं खूण केली, या आजी. काकू हललीच नाही. नुसती बघत राहिली. ट्राममधली माणसं खिडकीतून डोकावायला लागली. मी मागून ओरडले, "काकू, चल ना! तुझ्यासाठी थांबलीय!"

"गप गं," ती मागं न बघता म्हणाली. "जरा बघू दे."

मग ती चालायला लागली. घाई केली नाही. रुळांच्या मधोमध पोचल्यावर खाली वाकून विटांना हात लावला आणि पलीकडं गेली. ट्राम घंटा वाजवून निघून गेली आणि आमच्यामध्ये रिकामे रूळ उरले. मी अजून खांबापाशीच होते. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि पाय काही उचलत नव्हते.

पलीकडून काकूनं ते बघितलं. आणि मग तिचा तो जुना आवाज आला, सगळा काठ वळून बघायला लागला एवढा.

"अगं, पुढं हो! खांबाच्या पुढं हो!"

मी पुढं झाले. कडेला गेले, हात सरळ वर केला. पुढची ट्रामही थांबली.

नदीकाठी नवे बाक आहेत, सगळे पाण्याकडं तोंड करून. लोक तसेच बसले होते. काकू मात्र बाकावर उलटी बसली होती, पाण्याकडं पाठ आणि रुळांकडं तोंड. गल्लीतली दोन माणसं आमचं बघून खांबाच्या पुढं आली होती आणि कडेला चाचपडत उभी होती.

"काकू, नदी तिकडं आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे गं. तिथं सगळे थांबायचेच. मला हे बघू दे."